माळ्यावरचा स्पेक्ट्रम पुन्हा चालू करताना

पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने 1986 मध्ये ब्रिटिश सिंक्लेअर कंपनीच्या परवान्याने ‘डीबी स्पेक्ट्रम+’ हा घरगुती संगणक बाजारात आणला. 48 केबी मेमरी, झेड-80 प्रोसेसर आणि पडदा म्हणून घरचाच टीव्ही. बारामती-इंदापूरकडे कुणाच्या माळ्यावर असा एखादा सापडला, तर भंगारात घालू नका. पण लगेच वीजही जोडू नका.

आधी अडॅप्टर बघा. याला 9 व्होल्ट डीसी लागतात आणि पिनचा मधला भाग ऋण असतो. बाजारातल्या बहुतेक अडॅप्टरचं नेमकं उलटं. घाईत भलताच खुपसला तर आतली सर्किटं जळू शकतात. जुने कपॅसिटरही आपल्याकडच्या उन्हाळ्यात सुकलेले असतात, ते बदलून घ्यावेत. कळांखालचा प्लॅस्टिकचा पापुद्रा कडक होऊन तुटतो; तो मात्र आजही नवा बनतो.

खरी गंमत पाठीमागच्या खाचेत. तिथे ‘डिव्हएमएमसी’ जातीचं छोटं कार्ड बसतं आणि त्यात मोबाइलसारखं मेमरी कार्ड. पूर्वी कॅसेटवरून एक गेम चढायला पाचेक मिनिटं लागायची, त्यातही टेपरेकॉर्डरचा आवाज जरा कमी-जास्त झाला की मुसळ केरात! आता काही सेकंदांत काम होतं. हे डिव्हएमएमसी कार्ड काढता-घालताना वीज बंदच हवी.

आतलं सगळं उपसून तिथे ‘रास्पबेरी पाय’ हा छोटा आधुनिक संगणक बसवणारेही आहेत. मला ते पटत नाही. मग उरतो तो नुसता डबा.