हृत्स्नायूचे रासायनिक स्वसंरक्षण
हृत्स्नायूस ऊर्जा पुरविणाऱ्या ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेटचा, म्हणजेच एटीपीचा, साठा अत्यल्प असतो. रक्तपुरवठा आटताच त्याची तूट पडू लागते. परंतु या विघटनातूनच हृदयाचा एक रक्षक निर्माण होतो. एटीपीमधील फॉस्फेटचे गट क्रमाने सुटत जाऊन शेवटी ॲडेनोसिन उरते. पेशीत एटीपीच्या मानाने ॲडेनोसिन इतके नगण्य असते की, पहिल्यात किंचित घट झाली तरी दुसऱ्यात अनेक पटींनी वाढ होते. (निसर्गाचा हिशेब मोठा नेमका म्हणावयाचा!) पेशीबाहेर पडलेले ॲडेनोसिन हृद्‌रोहिण्या विस्फारते, ठोके मंदावते व ॲड्रेनॅलिनचा जोर ओसरविते, म्हणजे पुरवठा वाढतो आणि मागणी घटते. ही रक्तप्रवाह-नियमनाची उपपत्ती रॉबर्ट बर्न यांनी १९६३ मध्ये मांडली.

१९८६ मधील मरी, जेनिंग्ज व राइमर यांचा प्रयोग याहून उद्बोधक आहे. कुत्र्यांची हृद्‌रोहिणी प्रथम चार वेळा ५-५ मिनिटे बंद करून, दर वेळी तितकाच वेळ मोकळी सोडून, मग ४० मिनिटे बांधली असता मृत झालेला स्नायुभाग एरवीच्या सुमारे चतुर्थांशच भरला. १९९१ मध्ये सशांत ॲडेनोसिनचे ग्राहक औषधाने अडविले, तेव्हा हे संरक्षण नाहीसे झाले. तथापि कुत्र्यांतील बंधन तीन तास टिकले तेव्हा लाभ उरला नाही. पेशींचा मृत्यू लांबतो, टळत नाही. म्हणून रुग्णाची रोहिणी त्वरेने मोकळी करण्यास पर्याय नाही. शिवाय ॲडेनोसिन रक्ताबरोबर वाहून जाते, व घटलेला एटीपीचा साठा पूर्ववत होण्यास कित्येक दिवस लागतात.