क्वारंटाईन टाकीतला अमोनिया
कोहमाऱ्याच्या चौकातून नवेगावबांधकडे वळलं की तलावातले मासे हवे तितके. आमच्या घरी मात्र खाऱ्या पाण्यातली क्लाऊनफिश! समुद्र शेकडो किलोमीटर लांब, म्हणून मीठही पाकिटातलं.

नवा मासा वेगळ्या टाकीत ठेवताय? तिथला अमोनिया रोज तपासा. नव्या टाकीत अमोनिया पचवणारे जिवाणू नसतात, आणि समुद्री पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास. पीएच ७ च्या तुलनेत इथे अमोनियाचा विषारी भाग दहापटीहून जास्त. मासा वर येऊन धापा टाकतो, कल्ले लालभडक होतात; आपण रोग समजून औषध वाढवतो. (मीही वाढवलं होतं!) आधी निम्मं पाणी बदला, तापमान आणि खारटपणा जुळवून. तांब्याचं औषध चालू असेल तर अमोनिया मारणारं द्रावण घालू नका. तांबं आणखी विषारी होऊ शकतं. आणि मुख्य टाकीच्या फिल्टरमध्ये एक जादा स्पंज आजच टाकून ठेवा, म्हणजे त्यात ते जिवाणू वाढतील आणि पुढच्या नव्या माशाच्या वेळी तो वेगळ्या टाकीत लावता येईल.