बुद्धी किती टक्के जनुकांची?

जुळ्यांचा विषय या आठवड्यात घ्यायचा होता, पण तो पुढे ढकलतो आहे. मागच्या लेखानंतर वाचकांनी फिरून फिरून एकच विचारलं: बुद्धी किती टक्के जनुकांमुळे आणि किती टक्के संगोपनामुळे? माझ्या मते एकेका माणसाबद्दल हा प्रश्न विचारताच येत नाही. हे पटल्याशिवाय जुळ्यांकडे गेलो, तर तिथले आकडे आपली दिशाभूलच करतील.

कॅनडातल्या कूपर आणि झुबेक यांचा 1958 सालचा प्रयोग मला या बाबतीत सर्वांत बोलका वाटतो. त्यांच्याकडे निवडक पैदाशीतून तयार झालेले उंदरांचे दोन वाण होते: भूलभुलैयात चटकन वाट शोधणारे ‘हुशार’ आणि सारखे चुकणारे ‘मंद’. नेहमीच्या पिंजऱ्यात वाढलेल्या हुशारांच्या सरासरी 117 चुका झाल्या, मंदांच्या 164. इथे थांबलो तर सगळा खेळ जनुकांचाच वाटेल. पण बोगदे, आरसे, चेंडू, घसरगुंड्या असलेल्या पिंजऱ्यात पिल्लं वाढवली, तेव्हा हुशार 111 वर आले आणि मंद थेट 120 वर. ओसाड, करड्या पिंजऱ्यात वाढलेल्या दोन्ही वाणांच्या चुका मात्र 170च्या आसपास, जवळजवळ सारख्या. वाण तेच, तरी त्यांच्यातलं अंतर एका ठिकाणी 47 चुकांचं, दुसरीकडे जेमतेम नऊचं आणि तिसरीकडे नाहीच. शिवाय खेळण्यांच्या पिंजऱ्याने हुशारांना फारसं काही दिलं नाही आणि ओसाड पिंजऱ्याने मंदांचं फारसं बिघडवलं नाही. म्हणजे परिस्थितीचा परिणाम किती होणार, हेही जनुकांवर अवलंबून होतं. गट लहान होते, दर गटात डझनभर उंदीर. तरी यातून जनुकांचा एकच टक्का कसा काढायचा?

उंदरांवरून माणसं कशी ओळखायची, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून फिनाइलकीटोन्युरियाकडे पाहू. नॉर्वेच्या आस्ब्यॉर्न फ्योलिंग यांनी 1934 साली हा आजार ओळखला. आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आलं, की प्रथिनांमधल्या फिनाइलअ‍ॅलनिनचं रूपांतर करणारं विकर नीट काम करत नाही. मग फिनाइलअ‍ॅलनिन रक्तात साठतं आणि वाढत्या मेंदूला कायमची इजा करतं. 1950च्या दशकात हॉर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्मिंगहॅममध्ये हा घटक अगदी कमी असलेला आहार देऊन पाहिला. आज जन्मानंतर लगेच निदान होऊन पथ्य सुरू झालं, तर अशा मुलाची बुद्धी सर्वसाधारण वाढू शकते. आता पाहा, सगळीच मुलं नेहमीचं अन्न खात असतील, तर ही मुलं आणि बाकीची मुलं यांच्यातला फरक जनुकाचा दिसेल. पण या आजाराच्याच मुलांपैकी काहींना पथ्य मिळालं आणि काहींना नाही, तर त्यांच्यातला फरक मुख्यतः आहाराचा. जनुकातला दोष दोन्हीकडे तोच.

मग शास्त्रज्ञ टक्के छापतात ते काय? 2015 साली जुळ्यांच्या जगभरातल्या अभ्यासांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. हजारो गुणधर्मांची सरासरी आनुवंशिकता त्यात 49 टक्के निघाली. आकडा खरा आहे, पण तो एका समूहातल्या माणसांमाणसांमधल्या फरकांचा, त्या काळच्या त्या परिस्थितीतला. तुमच्या बुद्धीतली निम्मी जनुकांनी दिली, असं तो सांगत नाही. परिस्थिती बदलली की आकडाही हलतो. एरिक टर्कहायमर आणि सहकाऱ्यांनी 2003 साली सात वर्षांच्या अमेरिकी जुळ्यांमध्ये पाहिलं, की सुस्थितीतल्या घरांमधल्या मुलांच्या बुद्ध्यंकातला फरक बराचसा जनुकांकडे बोट दाखवतो, गरीब घरांमध्ये मात्र जनुकांचा वाटा शून्याजवळ येतो. पुढे अमेरिकेत असाच कल पुन्हा आढळला, पश्चिम युरोप आणि ऑस्ट्रेलियात आढळला नाही. काहींना हे टर्कहायमरचं खंडन वाटतं. मला तसं वाटत नाही. शाळा, दवाखाने आणि सरकारी आधार यांमुळे गरिबीचा मुलांवरचा भार देशागणिक वेगळा असतो, आणि तसं असेल तर जनुकांचा वाटाही देशागणिक वेगळा निघायलाच हवा. जुळ्यांचे आकडे पुढच्या आठवड्यात समोर येतील, तेव्हा प्रत्येक आकड्यापाशी मी विचारणार आहे: ही जुळी कोणत्या घरांतली, कोणत्या देशातली?