जावास्क्रिप्टमधील संख्या

वेबपाने हलती-बोलती करणारी जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत असताना तयार केली, आणि तीत पूर्णांक व अपूर्णांक असे वेगळे प्रकार न ठेवता साऱ्या संख्यांसाठी एकच प्रकार ठेवला. ही संख्या ६४ बिटांत साठवली जाते. बिट म्हणजे शून्य किंवा एक यांपैकी एकच अंक मावेल एवढी जागा. त्यांतला एक बिट धन-ऋण चिन्हासाठी, ११ घातांकासाठी आणि ५२ प्रत्यक्ष अंकांसाठी असतात. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने १९८५ साली ठरवलेल्या ७५४ क्रमांकाच्या मानकातून हा आराखडा आला असून, विल्यम काहन हे त्या मानकाचे प्रमुख शिल्पकार मानले जातात.

या व्यवस्थेत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ येत नाही, ती ०.३०००००००००००००००४ अशी येते. याचे कारण गणिती आहे. दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहू गेल्यास ०.३३३ ही रांग जशी संपत नाही, तसाच द्विमान पद्धतीत, म्हणजे केवळ शून्य आणि एक वापरून, एक दशांश लिहून संपत नाही, कारण द्विमान पद्धतीत ज्याचा छेद दोनचा घात आहे तोच अपूर्णांक पूर्णपणे मांडता येतो आणि दहामध्ये पाच हाही अवयव असतो. न संपणारी रांग कुठेतरी तोडावी लागते, आणि तोडलेला तो सूक्ष्म अंश बेरजेत उघडा पडतो. रुपयाच्या शंभर पैशांकडे या दृष्टीने पाहिले, तर ००, २५, ५० आणि ७५ हे चारच भाग संगणकाला तंतोतंत मांडता येतात. उरलेले ९६ केवळ जवळपास. म्हणूनच हिशेबाचे प्रोग्रॅम लिहिणारे जाणते लोक रक्कम पैशांतल्या पूर्णांकात ठेवतात आणि दाखवतानाच तिचे रुपये करतात.

पूर्णांकांनाही मर्यादा आहे. ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ येथपर्यंतचा प्रत्येक पूर्णांक विश्वसनीय असतो. त्यापुढे मात्र मधल्या काही संख्या गळू लागतात. सोळा वेळा नऊ लिहून ती संख्या म्हणून दिल्यास जावास्क्रिप्ट तिचे एकावर सोळा शून्ये करते. बँकेच्या कार्डाचा क्रमांक सोळा अंकी असू शकतो, त्यामुळे तो संख्या म्हणून न ठेवता मजकूर म्हणून ठेवणेच योग्य, शिवाय क्रमांकांची बेरीज-वजाबाकी कोणी करतही नाही. खरोखरच अतिप्रचंड पूर्णांकांवर गणित करायचे असल्यास २०२० च्या मानकात आलेला बिगइंट हा स्वतंत्र प्रकार आहे, मात्र बेरजेत तो साध्या संख्येबरोबर मिसळता येत नाही.

अर्जाच्या चौकटीत वापरकर्ता जे टंकतो तेही मुळात मजकूरच असते, आणि अधिकचे चिन्ह मजकुराला मजकूर जोडत असल्यामुळे ५ आणि ३ मिळून ५३ होतात. आधी संख्येत रूपांतर केले तरच ८ मिळतात. मराठी वापरकर्त्याची खरी अडचण इथेच येते. मराठीची निवड केल्यास जावास्क्रिप्ट उत्तर १२,३४,५६७ असे देवनागरी अंकांत, लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसह छापून देते, पण तोच आकडा देवनागरीत टंकून दिला तर तिचे संख्येत रूपांतर करणारे फंक्शन ‘संख्या नव्हे’ असे मूल्य परत करते. हे मूल्य स्वतःशीही समान ठरत नाही, त्यामुळे नेहमीच्या तुलनेत ते सापडत नाही, आणि एकदा बेरजेत शिरले की संपूर्ण बेरीज निकामी करते. मराठी अर्जाने मराठी अंक नाकारावेत हे अन्यायाचे आहे, आणि उपाय हाताशी असताना तर अक्षम्यच आहे. युनिकोड या अक्षरसंकेतात देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ असून नऊपर्यंतचे अंक त्यापुढे ओळीने येतात, त्यामुळे प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की त्याची किंमत मिळते, आणि हे काम प्रोग्रॅमच्या एका ओळीत होते.