वैद्यकीय चाचणी : दुसऱ्या गटाला काय मिळते?

डोणगाव (जि. बुलडाणा) : मेहकर तालुक्यातील डोणगावसारख्या गावात एखाद्याचा आजार स्थानिक डॉक्टरांच्या आवाक्याबाहेर गेला, की त्याला अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर गाठावे लागते. तेथील मोठ्या रुग्णालयांत उपचारांबरोबर संशोधनही चालते. एखाद्या रुग्णासमोर काही पानांचा एक कागद ठेवला जातो. नव्या औषधाची चाचणी सुरू आहे, सहभागी व्हायचे असल्यास सही करावी, असे त्याला सांगण्यात येते. डॉक्टर सांगतात म्हणजे भल्याचेच असणार, या विश्वासाने सही होऊन जाते. हे केवळ खेड्यातील रुग्णाबाबतच घडते असे नाही. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांतही तो कागद अखेरच्या ओळीपर्यंत वाचला जातोच, असे म्हणता येत नाही.

वस्तुतः वैद्यकीय चाचणी, म्हणजेच 'क्लिनिकल ट्रायल', आणि उपचार या दोन भिन्न गोष्टी आहेत. उपचाराचा हेतू समोरच्या रुग्णाला बरे करणे हा असतो. चाचणीचा हेतू एका प्रश्नाचे उत्तर शोधणे हा असतो आणि त्या उत्तराचा लाभ प्रामुख्याने पुढे येणाऱ्या रुग्णांना होतो. चाचणीतील रुग्णाला फायदा होऊ शकतो, होणारही नाही आणि क्वचित अपायही होऊ शकतो. हा फरक ध्यानात घेतला, तरच सहीला अर्थ उरतो.

चार टप्पे

प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर तपासलेले औषध माणसांपर्यंत टप्प्याटप्प्याने येते. पहिल्या टप्प्यात मोजक्या, बहुधा निरोगी, स्वयंसेवकांना ते देऊन शरीर किती मात्रा सहन करते हे पाहिले जाते. दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष रुग्णांवर त्याचा काही परिणाम दिसतो काय, याचा अंदाज घेतला जातो. तिसरा टप्पा निर्णायक असतो. शेकडो वा हजारो रुग्णांमध्ये नव्या औषधाची प्रचलित उपचारांशी तुलना होते आणि तिच्या निष्कर्षांवर विक्रीचा परवाना अवलंबून असतो. औषध बाजारात आल्यानंतरही चौथ्या टप्प्यात त्याच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवले जाते.

यातील कळीचा शब्द 'तुलना' हा आहे. अनेक आजार आपोआप बरे होतात, काही काळ ओसरून पुन्हा उफाळतात आणि औषध घेतल्याच्या समाधानानेही रुग्णाला बरे वाटते. त्यामुळे औषध दिले आणि रुग्ण बरा झाला, एवढ्यावरून औषधाचा गुण सिद्ध होत नाही. त्यासाठी दोन सारखे गट हवेत. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवावे लागते. अन्यथा ठणठणीत रुग्ण एका गटात आणि खंगलेले दुसऱ्या गटात जाण्याचा धोका असतो.

या पद्धतीचा पाया ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या क्षयरोगावरील चाचणीने भक्कम केला. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध त्या वेळी फारच थोडे उपलब्ध होते. ५५ रुग्णांना औषध व विश्रांती, तर ५२ रुग्णांना केवळ विश्रांती देण्यात आली. सहा महिन्यांत पहिल्या गटातील चार, तर दुसऱ्या गटातील १४ रुग्ण दगावले. औषधाचा गुण निर्विवाद सिद्ध झाला. सर्वांना पुरेल इतके औषध नव्हतेच, हे दुसऱ्या गटाला ते न देण्याचे समर्थन होते. तथापि आपण एका चाचणीत आहोत, याची कल्पना त्या रुग्णांना देण्यात आली नव्हती. आजच्या निकषांवर ती गोष्ट ग्राह्य ठरणार नाही.

दुसऱ्या गटाला काय मिळते, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक चाचणीच्या मुळाशी आहे. महाराष्ट्राच्या मातीत झालेल्या काही चाचण्यांकडे या दृष्टीने पाहिल्यास तो अधिक स्पष्ट होतो.

महाडचा विंचूदंश

विंचूदंश हा शेतकरी आणि शेतमजुरांना होणारा जीवघेणा अपघात. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी साचते आणि धडधाकट माणूस काही तासांत दगावू शकतो. मूळचे जालना जिल्ह्यातील असलेले डॉ. हिंमतराव बावसकर यांनी रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात या रुग्णांचा बारकाईने अभ्यास केला. रक्तदाबावरील प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध अशा रुग्णांना वाचवू शकते, हे त्यांनी १९८६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकातून जगापुढे मांडले. पुढे विंचवाच्या विषावर प्रतिविषही उपलब्ध झाले. मग प्रश्न आला, की प्राझोसिन पुरेसे आहे, की त्याच्या जोडीला प्रतिविष द्यावे?

डॉ. बावसकर आणि डॉ. प्रमोदिनी बावसकर यांनी महाड येथे ७० रुग्णांची चाचणी घेतली. ३५ जणांना केवळ प्राझोसिन आणि ३५ जणांना प्राझोसिनसह प्रतिविष देण्यात आले. दहा तासांच्या अखेरीस प्रतिविष मिळालेल्या गटातील ३२ रुग्णांची लक्षणे पूर्णपणे नाहीशी झाली होती. दुसऱ्या गटात ही संख्या आठ होती. बरे होण्यास पहिल्या गटाला सरासरी आठ तास लागले, तर दुसऱ्याला १७.७ तास. जानेवारी २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

कोणाला काय दिले जात आहे, हे येथे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही ठाऊक होते. अशा चाचणीला 'खुली' म्हणतात. रुग्ण आणि डॉक्टर या दोघांपासूनही गट लपविलेला असेल, तर ती 'दुहेरी अंध' चाचणी होय. लपविल्याने पूर्वग्रह टळतात, हे खरे. मात्र महाडच्या चाचणीतील महत्त्वाची बाब निराळी आहे. दुसरा गट वाऱ्यावर सोडलेला नव्हता. तोवर उपयुक्त ठरलेले प्राझोसिन त्यालाही मिळाले होते.

उस्मानाबादच्या सव्वा लाख महिला

उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील चाचणी मात्र दीर्घकाळ वादाचा विषय ठरली. गर्भाशयमुखाचा कर्करोग लवकर ओळखण्यासाठी कोणती तपासणी उपयुक्त, हे शोधण्याकरिता १९९९ साली तेथे काम सुरू झाले. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा त्यात सहभाग होता. ३० ते ५९ वयोगटातील १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी महिलांचा त्यात समावेश होता. गावांचे ५२ समूह करून ते चार गटांत विभागण्यात आले. एका गटाची एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्याची पेशींची 'पॅप' तपासणी, तर तिसऱ्याची व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची तपासणी झाली. चौथ्या गटातील ३१ हजार ४८८ महिलांना त्या वेळच्या प्रचलित आरोग्यसेवेवर ठेवण्यात आले. याचा अर्थ, त्यांची नियमित तपासणी झाली नाही.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर एप्रिल २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४ महिलांचा मृत्यू झाला होता, तर तपासणी न झालेल्या गटात ६४ महिलांचा. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यूचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले होते. उरलेल्या दोन तपासण्यांनी मात्र या चाचणीत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट झाल्याचे दिसले नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक केंद्राने घेतलेल्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत तीच व्हिनेगर तपासणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा झाली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. एकच तपासणी एकदा केल्याने आणि पुनःपुन्हा केल्याने वेगळे फळ देऊ शकते, हे अशा चाचण्यांवाचून कळले नसते.

पण त्या ६४ महिलांचे काय? तपासणीने जीव वाचतात हे पाश्चात्त्य देशांत माहीत असताना एका गटाला तपासणीविना ठेवणे नीतीला धरून होते काय, असा सवाल देशातील व परदेशातील टीकाकारांनी केला. त्या भागात तपासणीची सोयच नव्हती, त्यामुळे या गटाकडून काही काढून घेतले गेले नाही. शिवाय ग्रामीण भारतात कोणती पद्धत चालेल याचे उत्तर कोणाकडेच नव्हते, असा संशोधकांचा युक्तिवाद होता. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र गरिबांच्या वाट्याला येणारी प्रचलित सेवा हाच मापदंड मानला, तर जेथे सेवा सर्वांत तोकडी, तेथे चाचणी घेणे सर्वांत सोपे, असा विपरीत अर्थ निघतो. त्यामुळेच या चाचणीचे मोल मान्य करूनही तो प्रश्न मिटलेला नाही.

उत्तर मिळाल्यानंतर

चाचणीचे ऋण तिच्या निष्कर्षांच्या वापरानेच फिटू शकते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत राबविला. तुलनेसाठी ४७ गावे निवडण्यात आली होती. प्रशिक्षित ग्रामीण महिलांच्या साह्याने तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली जाहीर झाले. २०११ पासून केंद्र सरकारने 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत नवजात बालकांची घरपोच काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू केला. गडचिरोलीतील उत्तर अशा रीतीने इतर खेड्यांतील पाळण्यांपर्यंत पोहोचले. उस्मानाबादच्या निष्कर्षांची वाट एवढी सरळ नव्हती. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी व्हिनेगर पद्धतीचा स्वीकार झाला; एचपीव्ही तपासणीला तेव्हा ते स्थान मिळाले नाही.

कायद्याचे कवच

परदेशात शोधलेल्या नव्या औषधांच्या चाचण्या तेथील टप्प्याबरोबरच भारतातही घेण्याची मुभा २००५ मधील नियमबदलाने मिळाली आणि चाचण्यांची संख्या वाढू लागली. जुलै २००७ मध्ये राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून तेथे नोंद करणे बंधनकारक झाले. मध्य प्रदेशातील स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये कठोर भूमिका घेतली. त्याच सुमारास नुकसानभरपाई आणि नैतिकता समित्यांच्या नोंदणीचे नियम आले. मार्च २०१९ पासून नवी औषधे व वैद्यकीय चाचणी नियम लागू आहेत.

या नियमांनुसार नैतिकता समितीच्या मंजुरीविना चाचणी सुरू करता येत नाही. समितीत किमान सात सदस्य, त्यांत एक सामान्य नागरिक, एक कायदेतज्ज्ञ आणि एक महिला असावी लागते. निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे असावे लागतात. रुग्णाला लिहिता-वाचता येत नसेल, तर त्रयस्थ साक्षीदारासमोर माहिती देऊन संमती घ्यावी लागते. गंभीर अपाय झाल्यास २४ तासांत कळविणे बंधनकारक आहे. चाचणीदरम्यान इजा झालेल्या व्यक्तीवर गरज असेपर्यंत, अथवा इजेचा चाचणीशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत, विनामूल्य उपचार करावे लागतात. इजा चाचणीमुळे झाल्याचे ठरले, तर भरपाई द्यावी लागते. प्रचलित उपचार उपलब्ध असूनही ते न देता औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी दिल्यामुळे झालेली हानीही भरपाईस पात्र आहे. दुसऱ्या गटाचा प्रश्न येथे कायद्याच्या भाषेत आला आहे.

सहीपूर्वी विचारावे असे काही

संमतीचा कागद मराठीत मागण्याचा, तो घरी नेऊन कुटुंबीयांना किंवा गावातील डॉक्टरांना दाखविण्याचा आणि विचारास वेळ घेण्याचा अधिकार रुग्णाला आहे. त्याने पुढील बाबी निःसंकोच विचाराव्यात. चाचणी कोणत्या टप्प्यातील आहे आणि राष्ट्रीय नोंदवहीतील तिचा क्रमांक काय? आपण कोणत्या गटात जाऊ, हे कोण ठरविणार? आपण दुसऱ्या गटात गेलो, तर आजचे प्रचलित औषध मिळेल की नाही? चाचणीत न जाता येथेच कोणते उपचार मिळू शकतात? अपाय झाल्यास कोणाला, कोणत्या क्रमांकावर कळवायचे? चाचणी संपल्यावर औषध गुणकारी ठरले, तर ते आपल्याला मिळत राहील काय?

नकार दिल्याने किंवा मध्येच बाहेर पडल्याने नेहमीच्या उपचारांत खंड पडता कामा नये, हेही नियमांना अभिप्रेत आहे. या प्रश्नांनी त्रासून जाणाऱ्या संशोधकाच्या चाचणीपासून दूर राहणेच श्रेयस्कर.

चाचण्या थांबवा, हा यावरील उपाय नव्हे. विंचवाच्या दंशातून वाचलेला शेतमजूर आणि पहिला महिना पार केलेले अर्भक, यांच्यामागे कोणीतरी चाचणीत घेतलेला सहभाग उभा आहे. त्यांतील अनेक जण दुसऱ्या गटातही होते. त्यांना कमीत कमी काय मिळाले पाहिजे, हे चाचणी सुरू होण्यापूर्वी ठरविणे आणि ते रुग्णाला त्याच्या भाषेत सांगणे हे संशोधकांचे, समितीचे आणि शासनाचे कर्तव्य आहे. सही करणाऱ्याने ते विचारून घेणे, हा त्याचा हक्क आहे.