आकाशाचे छायाचित्रण : खरेदीचा क्रम

दुकान वाढवून अण्णा घरी आले, तेव्हा मुलगी गच्चीवर कॅमेरा लावून बसली होती. जयसिंगपूरच्या त्या घरात हा कॅमेरा थोरल्या मुलाच्या लग्नात घेतलेला. नंतर तो कपाटातच राहिला. डिसेंबरची रात्र होती, पूर्वेला मृग नक्षत्र चांगले वर आले होते. परंतु तीस सेकंद शटर उघडे ठेवून काढलेल्या छायाचित्रात ताऱ्यांचे ठिपके नव्हते, नुसत्या रेघोट्या होत्या.

"अण्णा, मोठी दुर्बीण घेऊन द्या ना. या कॅमेऱ्याने काही होत नाही," ती म्हणाली.

अण्णांना माळ्यावरची दुर्बीण आठवली. ती थोरल्यासाठी हौसेने आणली होती आणि दोन-चार रात्रींनंतर धूळ खात पडली होती. तरी त्यांनी नकार दिला नाही. "पन्नास हजार बाजूला ठेवतो," ते म्हणाले, "पण काय होत नाही आणि का होत नाही, ते आधी वहीत लिही. ज्याचे कारण लिहून दाखवशील, तेवढीच खरेदी."

ज्या मालाला उठाव का नाही हे कळलेले नाही, त्याच्या जागी दुसरा महाग माल भरणारा व्यापारी पुढच्या वर्षी तोच प्रश्न घेऊन बसतो. आकाशाच्या छायाचित्रणातही बहुतेकांचा पैसा असाच जातो. प्रत्येक टप्प्यावर चित्र बिघडवणारे कारण प्रायः एकच असते. ते ओळखून त्यावरच खर्च केला, तर थोड्या भांडवलात हा छंद उत्तम चालतो.

बिनखर्चाचा टप्पा

वहीतील पहिली नोंद रेघोट्यांची होती. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, त्यामुळे स्थिर कॅमेऱ्यापुढून तारे सरकतात. त्यासाठी एक ढोबळ हिशेब आहे: ५०० या संख्येला भिंगाच्या नाभीय अंतराने भागावे, येणारे सेकंद ही शटरची मर्यादा. सर्वसाधारण कॅमेऱ्याचा संवेदक लहान असल्याने नाभीय अंतर आधी दीडपट धरावे लागते. कॅमेऱ्यासोबत मिळालेले १८ ते ५५ मिलिमीटरचे भिंग ५५वर ठेवले, तर मर्यादा जेमतेम सहा सेकंद; १८वर ठेवले, तर सुमारे अठरा. मुलीने ५५वर तीस सेकंद दिले होते. दोष कॅमेऱ्याचा नव्हता, हिशेबाचा होता.

पुढच्या नोंदीही फुकटातच मिटल्या. तारे पसरट येत होते, म्हणून स्वयंचलित फोकस बंद करून, तेजस्वी तारा पडद्यावर दहापट मोठा करून हाताने फोकस साधला. कळ दाबताना कॅमेरा हलत होता, म्हणून दोन सेकंदांचा टाइमर लावला. वाऱ्याने तिपाई थरथरत होती, म्हणून तिच्या मधल्या दांड्याला वाळूची पिशवी टांगली. चित्रे जेपेगऐवजी रॉ स्वरूपात साठवली.

सर्वांत मोठा लाभ जागेच्या बदलाने झाला. अमावास्येच्या रात्री, गावच्या दिव्यांपासून दूर मामाच्या मळ्यावर काढलेले चित्र आणि गच्चीवरचे चित्र यांत जो फरक पडला, तो कोणत्याही भिंगाने पडला नसता. जॉन बॉर्टल यांनी २००१ साली आकाशाच्या काळोखाची एक ते नऊ अशी प्रतवारी मांडली. नऊ म्हणजे महानगराचे उजळलेले आकाश. दोन पायऱ्या खाली उतरणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक सुधार होय.

पहिली खरेदी : लहान पण अडणारी

एका चित्रात खरखर दिसते. तीच चौकट अनेकदा टिपून संगणकावर एकत्र केली, तर खरखर कमी होते. पंचवीस चित्रांत ती पाचपट घटते, शंभर चित्रांत दहापट. म्हणजे लाभ दुप्पट व्हायचा, तर चित्रे चौपट लागतात. हे एकत्रीकरण करणारी 'सिरिल' आणि 'डीपस्कायस्टॅकर' ही सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत.

शंभर वेळा कळ दाबणे मात्र हाताचे काम नव्हे. म्हणून पहिली खरेदी झाली ती ठरावीक अंतराने आपोआप शटर उघडणाऱ्या इंटरव्हलोमीटरची. काही कॅमेऱ्यांत ही सोय आतच असते, तेव्हा आधी पुस्तिका पाहावी. दुसरी वस्तू जादा बॅटरी, आणि तिसरी भिंगाभोवती गुंडाळायची, पॉवर बँकेवर चालणारी ऊबपट्टी. कृष्णाकाठच्या हिवाळ्यात मध्यरात्रीनंतर भिंगावर दव साचते आणि त्यानंतरची सारी मेहनत धुक्यात जाते. या तिन्ही वस्तू मिळून काही हजारांतच भागल्या.

दुसरी खरेदी : प्रकाशाचे दार

आता वहीत कारण आले ते प्रकाशाच्या तुटीचे. सोबतचे भिंग ५५ मिलिमीटरला फक्त एफ ५.६पर्यंत उघडते. ५० मिलिमीटरचे एफ १.८चे साधे भिंग दहा हजारांच्या आसपास मिळते. वापरलेले त्याहून स्वस्त. ते पूर्ण उघडले, तर कडेचे तारे पंख फुटल्यासारखे दिसतात. म्हणून ते एफ २.८वर ठेवावे; तरीही पहिल्याच्या चौपट प्रकाश आत येतो. पाच-पाच सेकंदांची दोनशे चित्रे म्हणजे सुमारे सतरा मिनिटांचा प्रकाश. एवढ्यात मृगाच्या पट्ट्याखालचा, सुमारे १३०० प्रकाशवर्षे दूर असलेला तेजोमेघ गुलाबी छटेसह उमटला.

वापरलेले भिंग घेताना त्यातून विजेरीचा प्रकाश सोडून पाहावा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी होय, सौदा सोडावा. घरीही पावसाळ्यात भिंग सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

तिसरी खरेदी : थांबून करावयाची

यापुढची पायरी स्टार ट्रॅकरची. हे छोटे यंत्र पृथ्वीच्या उलट दिशेने त्याच गतीने कॅमेरा फिरवते. त्यामुळे सेकंदांऐवजी मिनिटभराचे चित्रही रेघोट्यांविना येते. नव्या यंत्राची किंमत तीस-चाळीस हजारांच्या घरात जाते, म्हणून आधी दोन गोष्टी तपासाव्यात. ट्रॅकरचा आस खगोलीय ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि ध्रुवतारा तेथून अवघा पाऊण अंशाच्या आत असतो. परंतु त्याची क्षितिजापासूनची उंची त्या स्थळाच्या अक्षांशाएवढी असते: जयसिंगपूरला सुमारे सतरा अंश, नागपूरला एकवीस. उत्तरेला शेजारची इमारत किंवा झाडी असेल, तर तो दिसणारच नाही. दुसरे, यंत्र पेलते म्हणून जे वजन सांगितले जाते, त्याच्या दोन-तृतीयांशापर्यंतच भार ठेवावा.

मग दुर्बीण का नको?

नाभीय अंतर जितके मोठे, तितकी प्रत्येक थरथर मोठी. ७५० मिलिमीटरच्या दुर्बिणीला कॅमेरा जोडला, तर तिला अचूक फिरवणाऱ्या भक्कम बैठकीवर दुर्बिणीहूनही अधिक खर्च होतो. शिवाय तिच्या चौकटीत आकाशाचा जेमतेम पावणेदोन अंश रुंदीचा तुकडा मावतो. पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूर असलेली देवयानी दीर्घिका तर तीन अंशांची, म्हणजे सहा चंद्र ओळीने ठेवावेत एवढी. ती लहान भिंगातच पूर्ण बसते. चंद्र, गुरू, शनी यांच्यासाठी मात्र दुर्बीणच हवी. ते तेजस्वी असल्याने तेथे दीर्घकाळ शटर उघडे ठेवण्याची गरज नसते.

प्रकाशप्रदूषण गाळणाऱ्या फिल्टरचा मोहही सुरुवातीला टाळावा. आजचे एलइडी दिवे जवळजवळ सर्वच रंगांचा प्रकाश फेकतात. त्यातून ताऱ्यांचा प्रकाश वेगळा काढणे फिल्टरला अवघड जाते.

खरेदीपूर्वी दुसऱ्याचे साहित्य हाताळून पाहणे हा शहाणपणाचा मार्ग. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून, तर मुंबईचे खगोल मंडळ १९८५पासून आकाशप्रेमींना एकत्र आणत आहे. अशा मंडळींसोबत घालवलेली एक रात्र दुकानदाराच्या माहितीपत्रकाहून अधिक शिकवते. काळोखासाठी प्रवास करणाऱ्यांना आता महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पही आहे. २०२४मध्ये त्याला भारतातील पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली.

पावसाळ्याआधी मुलीने वही अण्णांपुढे ठेवली. पन्नास हजारांपैकी चौदा हजार खर्च झाले होते. ट्रॅकरच्या पानावर तिने स्वतःच लिहिले होते: "मळ्यावरून उत्तर मोकळी दिसते. दिवाळीनंतर, वापरलेला मिळाल्यास." अण्णांनी पान वाचले, वही मिटली आणि उरलेली रक्कम तिच्याच नावे ठेवायला सांगितली.

त्या आठवड्यात माळ्यावरची दुर्बीण खाली आली. तिची धूळ पुसून, फोन तिच्या डोळ्याशी धरून घरच्यांनी चंद्राची विवरे टिपली. थोरल्या भावाने ते चित्र दोनदा मोठे करून पाहिले. त्या खरेदीचाही उपयोग झाला. फक्त तिचे नेमके काम कोणते, हे कळायला एक वही लागली.