दोन उन्हाळे आणि एक क्यूआर कोड

काल ऑफिसखालच्या टपरीवर कटिंग मारलीत, क्यूआर कोड स्कॅन केलात, दहा रुपये टाकलेत आणि लिफ्टकडे धूम ठोकलीत. बरोबर? आता एक गंमत ऐका. करोनाच्या काळात सरकारने पथविक्रेत्यांसाठी 'पीएम स्वनिधी' योजना आणली, तारीख १ जून २०२०. दहा हजारांचं कर्ज, तारण नाही, वर्षभरात फेडायचं, वेळेत फेडलं तर व्याजात ७ टक्के सूट. शिवाय ग्राहकांकडून डिजिटल पैसे घेतले तर महिन्याला १०० रुपयांपर्यंत कॅशबॅक! सही ना? फक्त मेख अशी, की त्यासाठी एक व्यवहार निदान २५ रुपयांचा हवा. म्हणजे तुमची ती कटिंग हिशोबातच नाही!

हे ज्ञान मला पुण्यात नाही, बारामतीत मिळालं. भिगवण चौकात, भुर्जीच्या गाडीवर. गाडीवाला दादा माझ्या मामाचा जुना दोस्त. "भुर्जी बसते पंचवीसच्या वर," तो हसत म्हणाला, "चहावाल्यांचं वांधं होतं." दादाला योजना सॉलिड लागू पडली. गाडी शहरात, नगरपरिषदेच्या यादीत नाव, २४ मार्च २०२० च्या आधीपासूनचा धंदा. पहिले दहा हजार फेडले, मग वीस, मग पन्नास. ज्या बँकेत तो आयुष्यात फक्त सुट्टे मागायला गेला होता, तिथे त्याला आता खुर्ची मिळते. सरकारी योजनेला नावं ठेवणं हा आपल्याकडे टाइमपास असतो, पण हे क्रेडिट द्यायलाच हवं.

मामाची गोष्ट मात्र वेगळी.

घुंगरं गप्प झाली तेव्हा

मामाची रसवंती आहे बारामती-इंदापूर रस्त्यावर, भवानीनगरच्या पुढे. पत्र्याची शेड, चार बाकडी, चरकाला बांधलेली घुंगरं. सगळा धंदा मार्च ते जून. या चार महिन्यांत जे मिळेल त्यावर वर्ष काढायचं. मार्च २०२० मध्ये मी मासकॉमच्या शेवटच्या वर्षाला होते. हॉस्टेल रिकामं करा म्हणाले, तशी बॅग उचलून मामाकडे आले. दोन आठवडे राहीन म्हटलं होतं...

त्या एप्रिलमध्ये बारामती शहर राजस्थानातल्या भिलवाड्याच्या धर्तीवर पूर्ण सील झालं. 'भिलवाडा पॅटर्न' हा शब्द तेव्हा आमच्याकडे पोराटोरांच्या तोंडी होता. गावातून किराणा-भाजी घरपोच आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. मामाने ऊस आधीच ठरवून ठेवला होता. तो शेवटी गुरांना गेला. मामा रोज सकाळी शेडवर जायचा, चरक पुसायचा, घरी यायचा. मी विचारलं, "मामा, कशाला जाता?" म्हणे, "मशीन गंजतंय गं."

मी पडले मासकॉमवाली! टीव्हीवर पॅकेजच्या पत्रकार परिषदा सुरू होत्या आणि मी वहीत नोट्स काढत होते. मामाला काय मिळेल, हा माझा पहिलावहिला असाइनमेंट समजा.

स्वनिधी? ती शहरी हद्दीत विकणाऱ्यांसाठी. मामाची शेड ग्रामपंचायतीत. कट! मे २०२० मधली हमीची योजना, 'ईसीएलजीएस', तीन लाख कोटींची? त्यात तारणाशिवाय जादा कर्ज मिळत होतं, जुन्या थकीत रकमेच्या २० टक्के. पण २९ फेब्रुवारी २०२० ला तुमच्या नावावर कर्ज असायला हवं. मामाने आयुष्यात बँकेचं कर्ज काढलेलं नाही, याचा त्याला कोण अभिमान! त्याच अभिमानाने त्याला यादीतून बाहेर काढलं. मुद्राच्या शिशु कर्जावर व्याजात २ टक्के सवलत? तीही आधीच्या कर्जदारांना. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते लांबवायची मुभा दिली, पण हप्ताच नाही तर लांबवणार काय? (ज्यांनी लांबवले त्यांचं व्याज चालूच होतं, हे आपल्यापैकी होम लोनवाल्यांना नव्याने सांगायला नको.)

माझ्या वहीचं पान भरलं आणि मामाचा रकाना कोरा राहिला.

मामीच्या पाटल्या

मग ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी एक सवलत दिली. बँकेत सोनं गहाण ठेवलं तर किमतीच्या ७५ ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळणार, मार्च २०२१ पर्यंत. ही सवलत मात्र मामाच्या घरात बरोब्बर पोहोचली. मामीने पाटल्या काढून दिल्या. म्हणाली, पुढच्या उन्हाळ्यात सोडवू.

पुढचा उन्हाळा आला. १३ एप्रिल २०२१ ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी 'ब्रेक द चेन'चे निर्बंध जाहीर केले आणि सोबत ५,४७६ कोटींचं पॅकेज. त्यात नोंदणीकृत फेरीवाल्यांना आणि परवानाधारक रिक्षाचालकांना प्रत्येकी १,५०० रुपये. निर्बंध टप्प्याटप्प्याने उठायला ७ जून उजाडला. दिवसाला जेमतेम २८ रुपये पडले, म्हणजे तीन कटिंगही नाहीत. तेही 'नोंदणीकृत' असाल तर. मामाची नोंद कुठली? फेरीवाला म्हणावं तर तो फिरत नाही, दुकानदार म्हणावं तर शटर नाही.

आणि वारीचं काय सांगू? तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे याच रस्त्याने जाते. बेलवाडीत गोल रिंगण होतं. त्या दिवशी रस आणि चहा मिळून मामाचा गल्ला महिन्याएवढा भरतो. २०२० आणि २०२१, दोन्ही वर्षं पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. पायी वारी नाही. त्या काळात ते बरोबरच होतं. पण ज्यांचं वर्षाचं गणित त्या एका दिवसावर असतं, अशी खेळणीवाली, चपला शिवणारी, चहावाली माणसं माझ्या कुठल्याच नोटमध्ये सापडली नाहीत.

पाटल्या लिलावात गेल्या. वारी २०२२ मध्ये पुन्हा पायी निघाली, तेव्हा मामीच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या.

आता नोंद आहे

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने स्वनिधीला ३१ मार्च २०३० पर्यंत मुदतवाढ दिली. पहिलं कर्ज पंधरा हजार, दुसरं पंचवीस, आणि शहरालगतच्या भागांतही ती टप्प्याटप्प्याने न्यायची आहे. मामाच्या शेडपर्यंत ती कधी पोहोचेल तेव्हा पोहोचेल. मी मात्र गेल्या दिवाळीत लॅपटॉप उघडून मामाची 'उद्यम' नोंदणी करून टाकली. फुकट आहे आणि आधारवर होते. तुमच्याही गावाकडे असा एखादा मामा असेल, तर वीकेंडला तेवढं कराच. आपल्याला वाय-फायवर अर्धा तास लागतो, त्यांचा अख्खा दिवस मोडतो.

प्रमाणपत्र लॅमिनेट होऊन गणपतीच्या फोटोशेजारी लागलंय. खाली मामेभावाने चिकटवलेला क्यूआर कोड. मामीने ते प्रमाणपत्र निरखून पाहिलं आणि विचारलं, "ह्याच्यावर कर्ज मिळतं म्हणतेस. पाटल्या मिळतील का गं?"

मला काही सुचेना. मी दोन फुल ग्लासचे पैसे द्यायला मोबाईल पुढे केला, तर मामाने क्यूआर कोडवर हातच ठेवला.

"भाचीकडनं पैसे घेत्यात व्हय?"